रोटोरुआ: आधी ओळख, मग उडी

ऑकलंडहून सुटलेली बस गावात शिरायच्या आधीच रोटोरुआ नाकाला कळतं. उकडलेलं अंडं डब्यात जरा जास्तच वेळ राहिलं की येतो तसा वास. जमिनीखालून वाफेबरोबर वर येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा हा वास. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर गेलेल्यांना तो थोडाफार ओळखीचा असेल, इथे मात्र तो अख्ख्या गावावर पसरलेला असतो. अर्ध्या दिवसात नाक सरावतं. पायात चांदीची जोडवी किंवा पैंजण असतील तर ती काढून हवाबंद पिशवीत ठेवा, कारण इथल्या हवेत आणि गरम पाण्यात चांदी काळी पडते.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं हे तळ्याकाठचं गाव म्हणजे पाठीवर बॅग टाकून फिरणाऱ्यांचा ठरलेला मुक्काम. राफ्टिंग, ल्यूज (उतारावरून पळणारी छोटी चाकांची गाडी), डोंगरी सायकल, टेकडीवरून गडगडत जाणारे झॉर्बचे मोठे फुगे असं सगळं एकाच ठिकाणी मिळतं. शिवाय न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं, माओरींचं जीवन इतक्या जवळून बघायला मिळेल अशा जागा थोड्याच आहेत.

पहिल्या खेपेला मी सगळ्यांसारखंच केलं. सकाळी राफ्टिंग, दुपारी ल्यूज आणि संध्याकाळी दमूनभागून माओरी कार्यक्रम. स्वागत चालू असतानाच माझे डोळे मिटायला लागले होते. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला. आधी माणसांना भेटले, मग पाण्यात उतरले. तेच गाव पण सगळंच वेगळं वाटलं. ज्या नदीत आपण उडी घेणार ती कोणाची तरी आहे, तिला नाव आहे, तिची गोष्ट आहे, हे आधी माहीत असलं की पाण्याशी वागणंही बदलतं. म्हणून खाली दिलेला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. किमान तीन रात्री हाताशी ठेवा.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिजिटर व्हिसा लागतो आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. व्हिसाच्या पैशांत पर्यटकांकडून घेतली जाणारी लेव्हीही, म्हणजे सरकारी करही धरा. ऑक्टोबर २०२४ पासून ती १०० न्यूझीलंड डॉलर झाली आहे.

आईने दिलेला डबा हा त्याहून नाजूक विषय. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहावी लागते. लाडू, मेतकूट, गोडा मसाला, लोणचं, पिशवीच्या तळाशी विसरलेलं सफरचंदसुद्धा. लिहून दिलं आणि त्यांना चाललं नाही, तर ती वस्तू काढून घेतात, एवढंच. लिहिलंच नाही आणि सापडलं, तर जागीच ४०० डॉलरचा दंड. ट्रेकिंगचे बूटही लिहायचे असतात. सह्याद्रीतली लाल माती तळव्याच्या खाचांत अडकलेली असते, ती घरीच ब्रशने घासून काढा. बाहेरच्या मातीतून येणाऱ्या रोगांपासून हा देश आपली झाडं डोळ्यांत तेल घालून जपतो.

विमा काढताना साहसी खेळ त्यात धरले आहेत का, ते शब्दन् शब्द वाचा. अपघातात इजा झाली तर तिथली एसीसी ही सरकारी योजना पाहुण्यांच्याही उपचाराच्या खर्चाला हातभार लावते. पण आजारपण, हुकलेलं विमान किंवा घरी परतण्याचा खर्च तिच्यात बसत नाही.

पोहोचणं आणि राहणं

ऑकलंड ते रोटोरुआ साधारण २३० किलोमीटर. गाडीने तीन तास, बसने चारच्या आसपास. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी, आणि इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना पर्यटकाला चालतो. गाव चालत फिरण्याजोगं आहे, पण राफ्टिंगची जागा आणि दक्षिणेकडची गरम कुंडं लांब आहेत. गाडी नसेल तर ने-आण करणाऱ्या कंपन्या बघा, बहुतेक जण हॉस्टेलच्या दारातून घेऊन जातात.

हॉस्टेल गावाच्या मध्याजवळचं, स्वयंपाकघर असलेलं निवडा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची पद्धत आहे. न लिहिलेली पिशवी सफाईच्या दिवशी टाकून देतात. कुकर मिळेलच असं नाही, म्हणून मूगडाळ आणि तांदूळ बरे, साध्या पातेल्यात शिजतात. गुरुवारी संध्याकाळी तुतानेकाई रस्त्यावर नाइट मार्केट भरतं. मुक्कामात एक गुरुवार आला तर त्या रात्री चूल पेटवू नका.

तोंडात चार शब्द

इथे मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, आणि ती आपल्या लक्षातच येत नाही. माओरीत मुळाक्षरं कमी आणि स्वर पाचच, पण ऱ्हस्व-दीर्घाचा फरक काटेकोर. तो फरक आपण पहिलीपासून गिरवलेला असतो. र आपल्यासारखाच जिभेच्या टोकाने. त हा टपेक्षा आपल्या तच्या जवळचा, म्हणून माओरी तोंडून गावाचं नाव ‘रोतोरुआ’च्या जवळ ऐकू येतं. रोतो म्हणजे तळं, रुआ म्हणजे दोन. इहेंगा नावाच्या पूर्वजाला सापडलेलं हे दुसरं मोठं तळं. आपले काका काहुमातामोमोए यांचं नाव त्याने तळ्याला दिलं.

जमिनीतल्या भट्टीत शिजवलेल्या जेवणाला आपण हांगी लिहितो, पण त्यात ग नाही. तिथे आहे ङ, वाङ्मयातला. हाङी. शाळेत ‘हे अक्षर कशाला असतं?’ असा प्रश्न ज्यांना पडला होता त्यांना इथे उत्तर मिळतं. रोमन लिपीत डब्ल्यूएच दिसलं की बहुतेक ठिकाणी फ म्हणायचा. फारे म्हणजे घर, फानाउ म्हणजे घरची माणसं, आणि फेनुआ म्हणजे जमीन. या फेनुआचा दुसरा अर्थ आहे वार, म्हणजे बाळंतपणात बाळामागून पडते ती. ती जमिनीत पुरण्याची माओरी रीत आहे. ‘जिथं नाळ पुरली’ म्हणणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

भेटल्यावर ‘किआ ओरा’ म्हणा. आणि एक तयारी घरून करून जा. माओरी माणूस ओळख सांगताना आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग आपली माणसं, आणि नाव अगदी शेवटी. गावातल्या एका मार्गदर्शक बाईंनी मला विचारलं, ‘तू कुठली?’ मी इंडिया म्हटलं. त्या थांबूनच राहिल्या. मग मी म्हटलं, माझा डोंगर अजिंक्यतारा, माझी नदी कृष्णा. त्यांनी मान हलवली आणि मला ‘अजिंक्यतारा’ दोनदा म्हणायला लावलं. त्यानंतर आमचं बोलणं पर्यटक आणि मार्गदर्शक असं राहिलं नाही. तुमचा डोंगर आणि नदी आत्ताच ठरवा. त्यांची शब्दरचना उचलण्याची गरज नाही, आपल्या साध्या शब्दांत सांगा.

पहिला दिवस पायी

सकाळी कुइराऊ पार्कपासून सुरुवात करा. ही सार्वजनिक बाग आहे, तिकीट नाही, आणि बाकांच्या पलीकडे चिखल रटरटत असतो. कठडे आहेत ते सजावटीसाठी नाहीत. जानेवारी २००१ मध्ये इथे अचानक स्फोट होऊन चिखल आणि दगड उडाले होते. वरची जमीन घट्ट दिसते, पण साय धरलेल्या दुधासारखी असते, म्हणून पायवाट सोडायची नाही. बागेत पाय शेकायला गरम पाण्याचे हौद आहेत. पाय टाकण्याआधी हाताने पाणी बघा.

तिथून तळ्याच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की ओहिनेमुतू हे माओरी गाव लागतं. लोक इथे राहतात, अंगणात वाफ येते, दोरीवर कपडे वाळत असतात. हळू बोला आणि घरांचे फोटो काढू नका. सेंट फेथ चर्चमध्ये तळ्याकडच्या काचेवर माओरी अंगरखा घातलेला ख्रिस्त कोरला आहे. विशिष्ट जागी बसलं की तो तळ्याच्या पाण्यावरून चालत येताना दिसतो. समोर तामातेकापुआ हे सभागृह आहे. तामातेकापुआ म्हणजे हवाइकी या मूळ भूमीहून ज्या ‘ते आरावा’ नावेने इथले पूर्वज आले, तिचा नायक. इथल्या लोकांची ओळखही त्या नावेच्याच नावाने, ‘ते आरावा’. सभागृह म्हणजे त्या पूर्वजाचा देहच मानतात. आढं हा पाठीचा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या उतरत्या फळ्या म्हणजे पसरलेले हात. एवढं ठाऊक असलं की अशा घरात शिरणं म्हणजे कुणाच्या तरी कुशीत शिरणं होतं.

तळ्यात दिसणारं बेट मोकोइआ. तिथल्या तुतानेकाईची बासरी ऐकून हिनेमोआ रात्री तळ्याच्या काठावरून निघाली. घरच्यांनी नावा वर ओढून ठेवल्या होत्या, म्हणून तिने अंगाला सुके भोपळे बांधले आणि तीनेक किलोमीटर पोहत गेली. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला भोपळा बांधतात, तेच भोपळे. ही गोष्ट ऐकल्यावर तळं नुसतं तळं राहत नाही.

दुपारी फाकारेवारेवा. या खोऱ्याला दोन दारं आहेत आणि नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ‘ते पुइआ’ नावाच्या दाराने गेलं की पोहुतू गिझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, जवळून दिसतो, लाकडावर कोरीव काम शिकवणारी संस्था आहे, किवी पक्षी आहेत. दुसरं दार फाकारेवारेवा या नांदत्या गावाचं. तिथे तुहोउरांगी-नगाती वाहिआओ लोक राहतात आणि त्यांचेच घरचे लोक तुम्हाला फिरवतात. दोन्ही परवडत असेल तर दोन्ही बघा. एकच जमणार असेल तर मी गावाच्या दारातून जाईन. ३० मीटरपर्यंत उडणारा पोहुतू तिथल्या टेकाडावरूनही दिसतो, आणि इथे चूल कशी चालते ते बघायला मिळतं. पिशवीत बांधलेली मक्याची कणसं उकळत्या कुंडात सोडतात, थोड्या वेळाने काढून हातात देतात. कणसाला गंधकाचा वास लागत नाही, पिवळेधमक दाणे दाताखाली फुटतात.

हे लोक इथे कसे आले ते मार्गदर्शकाला नक्की विचारा. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा डोंगर फुटला. जगभरातून लोक बघायला येत ते गुलाबी आणि पांढरे पायऱ्यापायऱ्यांचे कुंड नाहीसे झाले, ‘ते वाइरोआ’ नावाचं गाव राखेखाली गेलं, सुमारे १२० माणसं दगावली, त्यांत बहुतेक माओरी. वाचलेल्यांपैकी अनेकांना फाकारेवारेवाने आसरा दिला. सोफिया हिनेरांगी ही ‘ते वाइरोआ’ची नावाजलेली मार्गदर्शक. तिच्या झोपडीत त्या रात्री कित्येकांचे जीव वाचले. पुढे ती इथेच येऊन पाहुण्यांना फिरवू लागली. आज तुम्हाला फिरवणाऱ्या बाईंचं काम त्याच परंपरेतलं आहे.

आणखी एक गोष्ट. १९८० च्या दशकापर्यंत गावातल्या घरांनी आणि हॉटेलांनी गरम पाण्यासाठी इतक्या बोअर मारल्या की गिझरांचा जोर ओसरायला लागला. शेवटी सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद केल्या, आणि जमिनीतला दाब पुन्हा वाढू लागला. आपल्या गावच्या विहिरी आटताना पाहिलेल्या माणसाने इथे जरा थांबून विचार करावा.

संध्याकाळचं स्वागत

रात्रीचा माओरी कार्यक्रम पहिल्याच संध्याकाळी ठेवा. तिकीट स्वस्त नाही, पण जेवण त्यातच असतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, ऐन वेळी सांगितलं तर ताटात नुसती कोशिंबीर येते.

स्वागताला पोफिरी म्हणतात. पाहुण्यांमधून एकाला प्रमुख नेमतात. एक योद्धा भाला फिरवत पुढे येतो, डोळे वटारतो, जीभ बाहेर काढतो आणि पानाची डहाळी जमिनीवर ठेवतो. याला वेरो म्हणतात. तुम्ही शत्रू म्हणून आलात की मित्र म्हणून, हा त्याचा सवाल. प्रमुखाने त्याच्या डोळ्यांवरची नजर न हटवता वाकून डहाळी उचलायची. या वेळी हसू नका. नवखे लोक घाबरून हसतात, आणि समोरच्याला तो अपमान वाटतो. मग बायकांची साद येते, कारांगा. लांबवलेला, चढा सूर, अंगावर काटा आणणारा.

मग होंगी, म्हणजे भेटण्याची माओरी रीत. त्यात नाक आणि कपाळ हलकेच टेकवायचं, डोळे मिटले तरी चालतात, आणि एक श्वास घ्यायचा. चुंबन नाही, टक्कर नाही. पहिल्यांदा मी घाईघाईत नाक लावून मागे झाले. समोरच्या आजोबांनी माझा हात सोडला नाही. ते तसेच थांबले, म्हणून मीही थांबले, आणि मग त्यांचा श्वास माझ्या गालाला लागला. दोघांनी एकच श्वास घेणं हाच त्याचा अर्थ आहे, तो थांबल्याशिवाय कळत नाही.

पाळायच्या गोष्टी आपल्याला अवघड नाहीत. सभागृहात जाताना पादत्राणं बाहेर. आत खाणंपिणं नाही. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही, उशीवर बसायचं नाही, कारण उशी डोक्याची आणि डोकं पवित्र. कुणाच्या डोक्याला, पोराच्यासुद्धा, हात लावायचा नाही. आपण लाडाने टपली मारतो, तिथे जपा. चेहऱ्यावरचं गोंदण, मोको, ही त्या माणसाची वंशावळ असते. बोट दाखवू नका, आणि ‘मलाही असंच हवं’ म्हणू नका. बाहेरच्यांसाठी किरितुही नावाचं वेगळं गोंदण असतं.

हाङीचा खड्डा उघडताना जवळ उभे राहा. तापवलेले दगड, वर टोपल्या, ओली कापडं, त्यावर माती, आणि आत तासन् तास धुमसणारी वाफ. रायगडातली पोपटी खाल्लेल्याला तो धुरकट वास लगेच ओळखू येईल. कुमारा हे तिथलं रताळं चुकवू नका.

आता पाणी

दुसऱ्या दिवशी काइतुना. गावापासून वीसेक किलोमीटरवर ओकेरे फॉल्स इथे ही नदी रोटोइती तळ्यातून बाहेर पडते. काइ म्हणजे खाणं, तुना म्हणजे वाम. वामी पुरवणारी नदी. इथला तुतेआ धबधबा सात मीटरचा आहे, आणि व्यावसायिक राफ्टिंगमध्ये उतरला जाणारा जगातला सर्वांत उंच धबधबा म्हणून ओळखला जातो.

पोहता येत नसेल तर बुकिंग करतानाच सांगा. लाजून लपवू नका. लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि वेटसूट ते देतात. आतून घालायला पोहण्याचे कपडे आणि नंतरसाठी टॉवेल तुम्ही न्या. चष्म्याला दोरी बांधा. आमच्या मार्गदर्शकाने नदीत उतरण्याआधी कराकिआ म्हटली, म्हणजे प्रार्थना. आदल्या संध्याकाळनंतर ती कशासाठी हे कुणाला विचारावं लागलं नाही. आम्ही सगळेच गप्प उभे राहिलो.

वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते. ती हाताने कायम झाकून ठेवा, नाहीतर शेजाऱ्याचा दात जातो. धबधब्याच्या तोंडाशी ‘गेट डाऊन’ ऐकू आलं की बूड राफ्टच्या तळाशी, आतल्या दोरीवर पक्की पकड, हनुवटी छातीला. मग राफ्टचं नाक खाली जातं आणि सगळं हिरवं, मग पांढरं, मग एकदम निःशब्द होतं. दोन-तीन सेकंदांत वर येता. कधी राफ्ट उलटतो. उलटलाच तर दोरी धरून ठेवा, सुटली तर गुडघे छातीशी घेऊन थांबा, जॅकेट वर आणतंच. हातपाय मारून मारून जवळ येण्याची घाई करू नका, मार्गदर्शक तुमच्याकडे येतो.

परत येताना नदीकाठच्या पायवाटेने तुतेआच्या गुहांकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरा. हल्ल्याच्या वेळी बायका-मुलं इथे लपत, असं सांगतात. राफ्टिंग करायचं नसेल त्यांनाही ही वाट चालता येते, आणि वरून राफ्ट कोसळताना दिसतात.

ल्यूज, झॉर्ब, झिपलाइन यांबद्दल जास्त लिहीत नाही, ते तिथे गेल्यावर आपोआप कळतं. ल्यूजची पहिली फेरी सोप्या वाटेनेच घ्या.

फाकारेवारेवाच्या जंगलासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. १९०१ मध्ये परदेशी झाडं इथे कशी वाढतात हे बघायला लावलेले कॅलिफोर्नियाचे रेडवूड आज सुमारे ७० मीटर उंच झाले आहेत. खाली नेच्यांची दाटी, वर फांद्यांचं छत, आणि पावलाखाली सुयांची मऊ गादी. चालायला पैसे लागत नाहीत. झाडांमधल्या झुलत्या पुलांचं तिकीट वेगळं. सायकलच्या वाटा दीडशे किलोमीटरहून जास्त आहेत. नवखे असाल तर हिरव्या खुणेच्या वाटा धरा, आणि भाड्याची सायकल घेताना ब्रेक दोन्ही हातांनी दाबून बघा.

दक्षिणेकडे

तिसऱ्या दिवशी वाइ-ओ-तापू, ‘पवित्र पाणी’. गावाच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटर. लेडी नॉक्स गिझर रोज सकाळी १०:१५ ला साबण टाकून उडवतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि खाली कोंडलेलं गरम पाणी उसळतं. गिझरपेक्षा नारिंगी काठाचं शॅम्पेन पूल मला जास्त आवडतं, तिथे वेळ घालवा.

जवळच केरोसीन क्रीक हा जंगलातला फुकट गरम ओढा आहे. इथल्या कोणत्याही गरम नैसर्गिक पाण्यात डोकं बुडवायचं नाही. त्यात असणारा अमीबा नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि तो आजार जिवावरचा असतो. गाडीत बॅग, पासपोर्ट ठेवू नका, काच फोडून सामान नेण्याचे प्रकार इथे झाले आहेत. परतीच्या वाटेवर निळं तळं तिकितापू लागलं तर खुशाल पोहा. त्याच्या शेजारचं हिरवं तळं रोटोकाकाही मात्र खासगी आणि तापू, म्हणजे पवित्र म्हणून निषिद्ध, आहे. ते रस्त्याच्या कठड्यावरूनच बघायचं, पाय बुडवायला खाली उतरायचं नाही.

पुढच्या तौपो गावाची बस पकडण्याआधी कुंडांत भिजलेले कपडे दोनदा धुऊन वेगळ्या पिशवीत बांधा, तो वास पाठीवरच्या सगळ्या कपड्यांना लागतो. आणि जोडवी अजून पिशवीतच ठेवा, तौपोलाही गरम पाण्याची कुंडं आहेत.